उजवीकडचा तीळ

मी जन्माची भित्री. पालीला भिते, ओल्या हाताने विजेच्या बटणाला भिते, एके काळी दारात आलेल्या पोस्टमनलाही भीत असे. त्यामुळे परवा मी नातीच्या मोबाईलला घाबरले, तेव्हा घरात कुणी ते फारसं मनावर घेतलं नाही.

झालं होतं एवढंच, की नातीने आपला एक फोटो मोबाईलमधल्या कुठल्याशा यंत्राला दिला आणि त्याने तिचं चित्र करून परत दिलं. जुन्या तैलचित्रांत असतं तसं. खिडकीतून येणारा उजेड, खांद्यावर शेला, मागे गडद भिंत. सुरेख होतं, खोटं कशाला बोलू?

"कुणी काढलं गं?" मी विचारलं.

"कुणीच नाही, आजी. एआयने काढलं."

"आणि त्याला कुणी शिकवलं?"

"लाखो चित्रं दाखवलीत त्याला. चित्रकारांची, लोकांच्या फोटोंची. त्यावरून ते शिकलं."

"त्या लोकांना विचारलं होतं का?"

"कुणाकुणाला विचारणार, आजी!" ती हसली आणि आरशासमोर जाऊन उभी राहिली. मोबाईल गालाशी धरून एकदा चित्राकडे आणि एकदा आरशाकडे बघत म्हणाली, "माझं नाक असं सरळ हवं होतं. मी मुळात अशीच दिसायला हवी होते."

हे ऐकलं आणि मी उठून तिच्या हातातला मोबाईल घेतला आणि पलंगावर पालथा घातला. ती चिडली, सून म्हणाली की आईंना नव्या गोष्टींची भीती वाटते. गोष्ट नवी असती तर मी एवढी घाबरले नसते. पण असलं यंत्र मी सोलापुरात पाहिलेलं आहे. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता त्या वर्षांत, मी लग्नाची होते तेव्हा.

आम्ही पूर्व भागात राहत होतो. आजूबाजूला सगळी तेलुगू बोलणारी विणकर मंडळी, आणि त्यांच्यात आमचं एक मराठी घर. पहाटेपासून मागांचा खडखडाट सुरू व्हायचा. पाहुण्यांना झोप लागत नसे, आणि आम्हाला वीज जाऊन माग थांबले की जाग यायची. माझे वडील, म्हणजे अण्णा, एका चादरीच्या कारखान्यात नक्षी काढायचं काम करत; तिथे सगळे त्यांना मास्तर म्हणत. ते मूळचे कर्नाटकाच्या सीमेवरच्या मैंदर्गीचे. घाबरले की कन्नडात पुटपुटायचे. भित्रेपणा मला कुणाकडून आला ते यावरून कळेल.

अण्णांचं काम मला लहानपणी फार गमतीचं वाटे. चौकटी आखलेला मोठा कागद ते पाटावर पसरायचे आणि त्यातली बारीक बारीक घरं लाल रंगाने भरत बसायचे. जवळून बघितलं तर नुसती लाल घरं. लांब जाऊन बघितलं की मोर. मग कारखान्यात दुसरा एक माणूस त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या लांबट कार्डांना भोकं पाडायचा. जिथे लाल घर, तिथे भोक. ती कार्डं एकामागे एक ओवून त्यांची माळ मागाच्या वर चढवली, की माग ती भोकं चाचपत चाचपत मोर विणायचा. भोक असेल तिथे धागा वर, नसेल तिथे खाली.

एकदा, अगदी लहान असताना, मी अण्णांना विचारलं होतं, "आत बसून मोर कोण काढतं?"

"कुणीच नाही."

"मग मागाला मोर ठाऊक असतो?"

"त्याला काय ठाऊक असणार? त्याला भोक ठाऊक."

आत राक्षस बसलाय असं अण्णा म्हणाले असते तर मी कमी घाबरले असते. आत कुणीच नाही आणि तरी मोर येतोय, हे मला काही केल्या सोसवेना. पुढे मोठी झाले, अण्णांचा डबा घेऊन रोज कारखान्यात जायला लागले, तरी त्या मागाकडे पाठ करून उभी राहायचे नाही.

एका वर्षी दिवाळीनंतर मालकांनी अण्णांना बोलावून घेतलं. मालक तेलुगू, पण मराठी इथलंच, फर्डं. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत विकायला त्यांना काहीतरी नवं हवं होतं. चादरी सगळेच विकतात, आपण भिंतीवर टांगायचं चित्र विणू, म्हणाले. हातात दिवा घेतलेली बाई. अण्णांनी आजवर फुलं काढली होती, मोर काढले होते, देवळाच्या शिखरांची किनार काढली होती. माणसाचं तोंड कधी काढलं नव्हतं. पण मालकांना नाही म्हणायची त्यांची छाती नव्हती.

तो महिनाभर अण्णा संध्याकाळी घरी कागद घेऊन बसत. दिवेलागणीला मी त्यांच्यापुढे चहा ठेवायची आणि देवापुढचा दिवा लावायला जायची. ते मान वर करून बघायचे आणि पुन्हा घरं भरायला लागायचे. मला वाटायचं, चहा गार झाला की काय म्हणून बघतात. आईला वाटायचं, लेक आता जाणार म्हणून बघतात. कारण तेव्हा माझ्यासाठी मंगळवेढ्याचं एक स्थळ आलं होतं. शेती होती, घरात सासू एकटीच कर्ती होती, आणि मुलगा शाळेत शिक्षक होता. जत्रेच्या सुमारास ती मंडळी मुलगी बघायला येणार होती. आईने त्या स्थळावर फार आशा लावली होती, आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा.

आता मागाची एक रीत सांगायला हवी. आमच्या कारखान्यात नक्षीचं कापड पालथं विणत. चांगली बाजू खाली, उलटी बाजू वर. तेलाचे डाग पडले तर उलट्या बाजूला पडावेत आणि मागालाही कमी धागे उचलावे लागावेत म्हणून. त्यामुळे विणणाऱ्याला दिवसभर धाग्यांचा नुसता गोंधळ दिसायचा. खाली काय तयार होतंय, ते कापड मागावरून उतरल्याशिवाय कुणालाच कळत नसे. शिवाय पालथं विणलेलं उताणं केलं, की डावीकडचं उजवीकडे जातं. फुलाला किंवा समोरासमोर बसलेल्या मोरांना त्याने काही फरक पडत नाही. अण्णांनी जन्मभर फुलं आणि मोरच काढलेले, त्यामुळे कागदावरच चित्र उलटं काढून द्यायला हवं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

पहिलं कापड उतरलं त्या दिवशी मी डबा घेऊन गेले होते. माग चालूच होता. विणकराने कापड कापलं, झटकलं आणि दोन्ही हातांनी धरून उताणं केलं.

मी होते.

माझं कपाळ, माझ्या जरा जवळजवळ असलेल्या भुवया, माझं बुटकं नाक, आणि हनुवटीवर तीळ. हातात आमच्या देवघरातला दिवा. विणकराने कापडाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. भोकं पाडणाऱ्याने तसंच केलं. समोर माग खटखटत होता आणि पुढची मी त्याच्या पोटात पालथी तयार होत होती. माझ्या हातातून डबा पडला. आमटी सांडली, तिच्याकडेही कुणी पाहिलं नाही.

अण्णा पांढरेफटक पडले होते. घरी येताना सगळी वाट ते कन्नडात पुटपुटत होते. घरी आईने धारेवर धरलं तेव्हा म्हणाले, "मला ठाऊक नव्हतं गं. मी घरं भरत होतो. तोंड कुणाचं होतंय ते मी बघितलंच नाही."

"लेकीचं तोंड तुम्हाला ओळखू आलं नाही?"

"जवळून लाल घरंच दिसतात," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज मी कधी एवढा बारीक ऐकला नव्हता.

हे ऐकून मी अधिकच घाबरले. माझा बाप खोटं बोलत नव्हता. म्हणजे मागाला मी ठाऊक नव्हते, भोकं पाडणाऱ्याला नव्हते आणि काढणाऱ्यालाही नव्हते. कुणीही मला काढलं नव्हतं आणि तरी मी निघाले होते.

आई वेगळ्या कारणाने घाबरली होती, आणि तिचं कारण रोकडं होतं. लग्नाच्या मुलीचं तोंड बाजारात टांगलं जाणार. न्हाव्याच्या दुकानात, हॉटेलात, कुठल्या कुठल्या खोलीत. मंगळवेढ्याच्या मंडळींनी जत्रेत ते बघितलं तर? ही कसल्या घरातली मुलगी, असंच म्हणतील ना? आईने अण्णांना दुसऱ्या दिवशी मालकांकडे पाठवलं. अण्णा एकटे जायला भ्यायले, म्हणून मी बरोबर गेले आणि दाराशी उभी राहिले.

मालकांनी सगळं ऐकून घेतलं. भिंतीवर टांगलेल्या कापडातल्या त्या बाईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"मास्तर, तुमी उगंच घाबरायलाव," ते म्हणाले. "ही कोन हाय? कुनीच न्हाय. नुसती बाई हाय, दिवा घेतलेली."

"मालक, माझ्या पोरीचं तोंड आहे हो ते."

"तिला बसवून काडलं का तुमी?"

"नाही."

"मग? आजपर्यंत एवढे मोर काडले, एका मोराला तरी विचारलं का?" ते स्वतःच हसले, मग माझ्या तोंडाकडे बघून थांबले. "ये, हिकडं ये बाळ. हे बघा की मास्तर. हिचा तीळ डाव्या अंगाला हाय. चित्रातल्या बाईचा उजव्या अंगाला. बघा, हाय की न्हाय? ही दुसरीच बाई हाय. कार्डं तयार झालीत, गड्डा तोंडावर आलाय. आता माग कसा थांबवायचा?"

अण्णांनी कापडाकडे नीट बघितलं आणि त्यांना आपली चूक तेव्हा उमगली. पालथं विणल्यामुळे तीळ पलीकडे गेला होता. त्या चुकीचा त्यांना एवढा आधार वाटला, की त्यांनी मालकांचे आभार मानले. घरी येऊन आईलाही तेच सांगितलं. तीळ उजवीकडे आहे, कुणी ओळखणार नाही.

मला तो आधार कधीच वाटला नाही. घरी आल्या आल्या मी आरशात बघितलं होतं. आरशात माझाही तीळ तिच्याच बाजूला होता. सगळ्या जगाला ती थोडी वेगळी दिसत असेल, पण मी स्वतःला जन्मभर जशी बघत आले होते, तशीच, तंतोतंत, ती होती.

जत्रेला मी जाणार नव्हते. पण आई म्हणाली, गेलो नाही तर शेजारणी विचारतील. डोक्यावरून पदर घेऊन, तोंड खाली घालून गेले. पाळण्यांचा आवाज, भज्यांचा वास, धूळ. आणि मग मालकांचं दुकान होतं ती रांग. वरच्या दोरीवर मी ओळीने टांगलेली होते. निळी, तपकिरी, लाल. वारा आला की सगळ्या एकदम हलायच्या. एक माणूस किंमत विचारता विचारता माझ्या गालावरून अंगठा घासून कापडाचा पोत बघत होता. माझ्या खऱ्या गालाला ते जाणवलं. अगदी खरं सांगते, जाणवलं. मी आईचा हात एवढा घट्ट धरला, की बांगडी पिचली.

पुढे दुसऱ्या एका दुकानात आणखी एक मी होते, हिरवी. ती आमच्या कारखान्यातली नव्हती. कुणीतरी एक चित्र विकत नेऊन त्यावरून आपली कार्डं पाडली होती. तिचं नाक फताडं झालं होतं, तीळ ओठाला चिकटला होता आणि दिव्याची ज्योत मिरचीएवढी झाली होती. ते बघून मला वाटलं, आता हिच्यावरून तिसरा पाडेल, तिसऱ्यावरून चौथा, आणि शेवटी माझं काय होईल ते कुणाला कळणार? मी तिथेच रडायला लागले. आईने पदराने माझं तोंड पुसलं आणि हळूच म्हणाली, "रडू नकोस, लोक बघतील." बघण्याचं काही शिल्लक होतं का, हे मी तिला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगळवेढ्याची मंडळी आली. जत्रा बघूनच आली होती, हे मुलाच्या आईच्या पहिल्या वाक्यातच कळलं. "लई गर्दी बगा यंदा," ती म्हणाली, आणि आईने हातातल्या पोह्यांच्या बशा तिथेच खाली ठेवल्या. अण्णा कोपऱ्यात पुटपुटत होते. मी जाऊन पाटावर बसले.

ती बाई माझ्याकडे बघतच राहिली. स्वयंपाक येतो का विचारलं नाही, शिवण विचारलं नाही. उठून जवळ आली, माझी हनुवटी धरून तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवलं. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे.

"तीळ जन्माचा हाय व्हय?"

"हो, जन्मापासूनच," आई म्हणाली.

"ह्याच अंगाला?"

"हो."

बाईने माझी हनुवटी सोडली. संपलं, मला वाटलं. ओळखलं हिने. आता उठेल, चपला घालेल आणि मंगळवेढ्यापर्यंत सांगत जाईल. मी डोळे मिटून घेतले.

"पसंत हाय," ती म्हणाली.

आईने देवापुढे साखर ठेवली. अण्णा चक्क हसले. मंडळी गेल्यावर दोघेही एकमेकांना सांगत बसले, की बघितलं नव्हतंच त्यांनी, किंवा बघितलं असेल तरी तिळाने वाचवलं. मालकांच्या घरी पेढे गेले. मीसुद्धा त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवले. त्यानंतर अण्णांनी माणसाचं तोंड कधी काढलं नाही. फुलं काढतानाही मध्येच उठायचे, लांब जाऊन कागदाकडे बघायचे, भलतंच कुणी तयार होत नाही ना याची खात्री करायचे आणि मग पुन्हा बसायचे.

मंगळवेढ्याच्या घरात मी उंबऱ्यावरचं माप ओलांडून आत गेले, मान वर केली, तर समोरच्या भिंतीवर ती होती. निळी. नवी चौकट घातलेली, वर झेंडूची माळ.

"गड्ड्यातनं आनलीया," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "तुला बगायच्या आदल्या दिवशी. बगितल्या बगितल्या म्हनलं, सून आनायची तर असलीच. कसली शांत हाय बग. आन दुसऱ्याच दिवशी तू पाटावर येऊन बसलीस! देवाचीच करनी म्हनायची." मग माझ्या हनुवटीला बोट लावून, जराशा खट्टू होऊन त्या म्हणाल्या, "तुजा तीळ तेवडा चुकीच्या अंगाला हाय की गं."

मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "चुकलं."

सासूबाईंनी मला कधी वाईट वागवलं नाही. नवराही भला होता. पण मी मोठ्याने बोलले की सासूबाई भिंतीकडे बघायच्या. माझ्या तोंडावर ऊन लागून काळपटपणा आला, तेव्हाही त्यांनी आधी भिंतीकडे बघितलं. पुढच्या खोलीत आरसा नेमका तिच्या शेजारी होता. केस विंचरायला उभी राहिले, की आरशातली मी आणि भिंतीवरची ती, दोघी एकाच बाजूला तीळ घेऊन दिसायच्या, आणि कितीतरी वेळा मी दचकून आपली हनुवटी चाचपून बघितली आहे.

पहिल्या संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू होतं. बायका यायच्या आधी सासूबाईंनी मला खाली बसवलं. निळी साडी त्यांनीच काढून दिली होती. त्यांनी माझ्या हनुवटीच्या डाव्या बाजूला पावडर चोपडली, तीळ झाकेपर्यंत. मग डबीतलं काजळ करंगळीवर घेतलं आणि उजवीकडे एक ठिपका दिला. मला वाटलं, दृष्ट लागू नये म्हणून तीट लावतात. त्या मागे सरल्या, भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्यांचं तोंड आनंदाने उजळलं.

"आता कशी दिसतीस!"

मग त्यांनी माझ्या हातात पेटलेलं निरांजन दिलं आणि मला तिच्या खाली उभं केलं. बायका दारातून आत आल्या आणि थबकल्या. "अगं बया, हुबेहूब!" म्हणाल्या. माझे हात थरथरायला लागले, ज्योत नाचायला लागली, तूप बोटांवर सांडलं.

सासूबाई पुढे झाल्या, माझं मनगट धरलं आणि मायेने, अगदी मायेने म्हणाल्या,

"हलू नगंस गं. ती हलती का?"